इलेक्ट्रिक मोटारीतील ब्रेक ऑईलची गळती : निदान आणि दुरुस्ती

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



या मंडपात एरवी ऊस, कांदा, डाळिंब आणि दुभत्या जनावरांविषयी बोलले जाते. आज मी आपल्या अंगणात उभ्या असलेल्या एका नव्या यंत्राविषयी बोलणार आहे. ते यंत्र म्हणजे इलेक्ट्रिक मोटार. २००१ साली बंगळूरची रेवा ही छोटी विजेवरची मोटार रस्त्यावर आली, तेव्हा ती शहरातील हौस होती. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि २०२२ मध्ये टियागो ईव्ही बाजारात आली. त्यानंतर अशा मोटारी तालुक्याच्या गावी आणि वाड्या-वस्त्यांवरही दिसू लागल्या. घरच्या छपरावर सौर पॅनेल असेल तर गाडी घरीच चार्ज होते, हे शेतकऱ्याला सोयीचे वाटते.

या गाडीबद्दल एक समज मात्र पसरला आहे. 'इंजिन नाही, इंजिन ऑईल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. म्हणजे बॉनेट उघडून पाहण्यासारखे काही नाही', असे लोक म्हणतात. हा समज अर्धाच खरा आहे. इंजिन ऑईल नाही हे खरे, पण ब्रेक ऑईल आहे आणि ते गळू शकते. पेट्रोलच्या गाडीत ही गळती चालकाला पायाला लवकर कळते. इलेक्ट्रिक गाडीत ती बराच काळ लपून राहते. ती का लपते, कशी शोधावी आणि दुरुस्ती कशी करून घ्यावी, हे आज पाहू.

गाडी थांबवणारे दोन गडी

इलेक्ट्रिक मोटारीला थांबवणारे दोन गडी आहेत, असे समजा. पहिला गडी म्हणजे स्वतः विजेची मोटर. आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच मोटर फिरवू लागतात. मोटर त्या वेळी जनित्रासारखी वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. या कामात चाकांची गती कमी होते. सवयीचा चालक ब्रेकला फारसा पाय न लावता दहा-वीस किलोमीटर सहज जातो.

दुसरा गडी म्हणजे आपला जुना ओळखीचा हायड्रॉलिक ब्रेक. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब येतो. तो दाब पोलादी नळ्या आणि रबरी होज पाईपमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो आणि तेथे ब्रेक पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर दाबले जातात. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पसरतो, हे तत्त्व सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्टही याच तत्त्वावर नांगर उचलते. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक बसविले गेले. तेव्हापासून शंभर वर्षे झाली, तरी गाडी जागेवर थांबविण्यासाठी याला तोड निघालेली नाही.

ठिबक संचाचे उदाहरण घ्या. उपनळीला भोक पडले की शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. ठिबकमध्ये एक-दीड किलोचा दाब असतो. जोरात ब्रेक मारला की ब्रेकच्या नळीत त्याच्या पन्नास पटींहून अधिक दाब येतो. म्हणून ठिबकच्या नळीला रबराची पट्टी गुंडाळून चालते, तसे ब्रेकच्या नळीला मुळीच चालत नाही.

गळती लपते कशी?

आता दोन्ही गडी एकत्र पाहा. रोजच्या चालविण्यात पहिला गडी, म्हणजे मोटर, बहुतेक काम करून टाकतो. दुसरा गडी आजारी पडला आहे, त्याचे रक्त गळते आहे, हे मालकाला समजत नाही. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी ते समजते. हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर अंधारात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढे दिसते, किंवा करंजी घाटाच्या वळणावर गाय आडवी येते. तेथे मोटरचा ब्रेक पुरत नाही, हायड्रॉलिक ब्रेकच लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिला परत येणारी वीज घ्यायला जागा नसते. अशा वेळी मोटरचा ब्रेक कमी लागतो किंवा लागतच नाही. घाटमाथ्यावरच्या गावात गाडी शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागलात, तर सगळा भार हायड्रॉलिक ब्रेकवर पडतो. इमामपूर, करंजी, चंदनापुरी किंवा अकोले तालुक्यातील घाटांत जाणाऱ्यांनी हे विसरू नये. उतार लगेच सुरू होणार असेल, तर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबविणे चांगले.

काही नव्या गाड्यांत पेडल आणि नळ्या यांचा सरळ संबंध नसतो. पायाला लागणारा जोर स्प्रिंगने किंवा वेगळ्या यंत्रणेने दिलेला असतो. अशा गाडीत आत बिघाड असूनही पेडल नेहमीसारखे लागू शकते. त्यामुळे केवळ पायाच्या अंदाजावर विसंबू नये. डोळ्यांनी पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

नाव ब्रेक ऑईल, पण ते ऑईल नव्हे

आपण सगळेच 'ब्रेक ऑईल' म्हणतो. या नावानेच अनेकांचे नुकसान केले आहे. मोटारीच्या ब्रेकमधील द्रव हा खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनविलेला असतो. भारतात त्यासाठी आयएस ८६५४ हे मानक आहे. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. आपल्या गाडीला कोणते लागते, ते टाकीच्या झाकणावर आणि माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आपल्याकडे गिअर ऑईल, लिफ्टचे हायड्रॉलिक ऑईल आणि इंजिन ऑईल यांचे डबे असतात. ब्रेकची पातळी कमी दिसली आणि घाईने यांपैकी काहीही ओतले, तर ब्रेकमधील रबरी सील फुगतात, मऊ पडतात आणि निकामी होतात. मग एका वॉशरची दुरुस्ती साऱ्या ब्रेक यंत्रणेची दुरुस्ती होऊन बसते. 'ट्रॅक्टरच्या ब्रेकला हेच चालते' हा युक्तिवाद येथे लागू नाही. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरची रचना निराळी असते. चुकून असे तेल पडलेच, तर पेडल न दाबता आणि गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवावे.

या द्रवाचा दुसरा गुण म्हणजे तो हवेतील ओलावा शोषतो. नवा डॉट ३ सुमारे २०५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरले, तर हा आकडा १४० अंशांवर येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच किमान आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात डिस्क तापली आणि द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही आणि पेडल तळाला टेकते. म्हणून उघडा राहिलेला जुना डबा कधीही वापरू नये.

हा द्रव विषारी आहे. तो पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावा. काढलेला जुना द्रव बांधावर, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. डोळ्यात थेंब गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. गाडीच्या रंगावर सांडल्यास रंग उखडतो, तेथे लगेच पाणी ओतावे.

घरच्या घरी निदान

पहिली पायरी पातळी पाहण्याची. गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडावे. चालकाच्या समोरच्या बाजूला, काचेजवळ, पांढरट प्लास्टिकची छोटी टाकी असते. तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. पातळी झाकण न उघडता बाहेरूनच पाहावी. झाकण उघडल्यास धूळ आणि ओलावा आत जातो. पाहिलेल्या पातळीची तारीख घालून वहीत नोंद ठेवावी. दुधाची नोंद आपण ठेवतोच, तशीच ही.

पातळी कमी झाली म्हणजे गळती आहेच, असेही नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्यामागे द्रव भरतो आणि टाकीतील पातळी हळूहळू, महिनोन्महिने उतरते. हे स्वाभाविक आहे. अशा वेळी पॅडची जाडी तपासून घ्यावी. आठ-पंधरा दिवसांत पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरत असेल, तर ती गळतीच समजावी.

दुसरी पायरी दिव्याची. गाडी सुरू केल्यावर वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा लागून विझला पाहिजे. हँडब्रेक सोडल्यावरही तो पेटलेला राहिला, किंवा वळणावर नि चढावर लुकलुकला, तर टाकीतील द्रव कमी झाला असण्याची शक्यता आहे. दिव्याला 'सेन्सर खराब असेल' असे म्हणून सोडून देऊ नये.

तिसरी पायरी जमिनीवरच्या डागाची. रात्री गाडीखाली आणि चाकांच्या आतील बाजूस पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कोणत्या चाकाजवळ आहे ते पाहावे. एसीचे पाणी रंगहीन असते आणि वाळून जाते. बॅटरी व मोटर थंड ठेवणारे कूलंट बहुधा हिरवे, निळे, गुलाबी किंवा नारिंगी असते. ब्रेकचा द्रव नवा असताना फिकट पिवळसर आणि जुना झाल्यावर तपकिरी, हाताला पातळ नि निसरडा लागतो. थेंब पाण्याच्या पेल्यात टाकल्यास तो मिसळून जातो, खनिज तेल मात्र वर तरंगते. कूलंटही पाण्यात मिसळते, म्हणून रंग आणि जागा दोन्ही पाहून निर्णय घ्यावा. हाताळताना हातमोजे घालावेत.

चौथी पायरी पेडलची. सपाट जागी चाकांना पुढे-मागे दगड लावून, गाडी सुरू स्थितीत पार्कमध्ये ठेवून पेडल जोरात दाबावे आणि एक मिनिट तसेच धरावे. पेडल घट्ट राहिले तर ठीक. ते हळूहळू खाली जात राहिले तर दाब कोठेतरी निसटतो आहे. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा शिरली आहे.

गळती नेमकी कोठून?

बाहेर डाग दिसतो, तेव्हा शोध सोपा असतो. चाकाच्या आतून टायर ओला असेल तर कॅलिपरचे सील, होज पाईप, त्याच्या जोडावरील तांब्याचा वॉशर किंवा हवा काढण्याचा निपल तपासावा. मागे ड्रम ब्रेक असतील तर व्हील सिलिंडरमधून गळलेला द्रव आधी ड्रममध्येच साठतो. बाहेर काही दिसत नाही आणि लायनर भिजून जातात. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर ही शंका घ्यावी.

टाकीतील द्रव कमी होतो पण जमिनीवर थेंबही नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून तो बूस्टरमध्ये किंवा पेडलच्या बाजूला जात असतो. पायाजवळचे कार्पेट ओले आहे का, ते हात लावून पाहावे. टाकीतील पातळी बदलत नाही, पण पेडल खाली जाते, असे असेल तर मास्टर सिलिंडरच्या आतील सील गेले आहे.

आपल्या भागात काही खास कारणे घडतात. युरिया आणि डीएपीची पोती गाडीतून नेली की सांडलेले खत ओलावा धरते आणि पोलादी नळ्यांना गंज चढवते. काळ्या मातीचा चिखल होज पाईपला चिकटून वाळतो आणि वळणावर रबर घासते. पाणंद रस्त्यावरचे दगड नळीला चेपतात. धान्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीत उंदीर शिरतात. शिवाय इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरला जात असल्याने पिस्टन जागच्या जागी राहतो, त्यावर गंज धरतो आणि हा खडबडीत पिस्टन हलला की सील कापतो. म्हणजे ब्रेक कमी वापरला म्हणून तो जास्त टिकेलच, असे नाही.

दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

गळती नक्की झाल्यावर गाडी चालवू नये. 'वर भरून गावापर्यंत नेतो' हा विचार घातक आहे. ऑईल भरणे ही दुरुस्ती नव्हे. बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यामुळे एक भाग रिकामा झाला तरी उरलेल्या दोन चाकांचे ब्रेक लागतात. पण थांबायला अंतर जास्त लागते. ही सोय गाडी बाजूला घेण्यापुरती आहे, प्रवासासाठी नाही.

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेण्याची आपल्याकडे सवय आहे. येथे ती मोडावी लागेल. मागच्या गाडीला भरवशाचा ब्रेक नसतो, हा एक धोका. दुसरा धोका असा की, मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करते आणि त्यातून यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. गाडी सपाट पाठीच्या टोईंग वाहनावर चारही चाके उचलूनच न्यावी.

जॅक लावताना विशेष जपावे. या गाड्यांची बॅटरी मजल्याखाली असते. जॅक फक्त पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. बॅटरीच्या पेटीवर लावल्यास फार मोठा खर्च आणि धोका ओढवतो. नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावू नये, त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. काही गाड्यांत दार उघडताच विजेवरचा ब्रेक पंप आपोआप सुरू होतो. त्यामुळे नळ्या उघडण्याचे काम प्रशिक्षित माणसानेच, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने गाडी दुरुस्तीच्या स्थितीत ठेवून करावे. मागे विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर पॅड बदलतानाही हीच काळजी लागते.

मिस्त्रीकडून काम करून घेताना पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावे :

१. फुटलेल्या पोलादी नळीला डाग देणे, एम-सील लावणे किंवा मध्ये तुकडा जोडणे चालणार नाही. योग्य टोके केलेली नवी नळी बसवावी.

२. होज पाईप चिरला किंवा फुगला असेल तर नवा घालावा. जोडावरील तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवेच वापरावेत.

३. निपल ढिला असल्यास बेताने आवळावा. जास्त आवळल्यास तो मोडतो.

४. द्रवाने भिजलेले लायनर किंवा पॅड धुऊन, जाळून पुन्हा वापरू नयेत. त्या आसाच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

५. व्हील सिलिंडर किंवा मास्टर सिलिंडर गळत असल्यास तो पूर्ण बदलणे बहुधा भरवशाचे ठरते.

६. द्रव सीलबंद डब्यातून, आपल्या समोर फोडून भरावा.

७. शेवटी हवा काढण्याचे काम कंपनीच्या क्रमानेच व्हावे. एबीएस आणि विजेवरचा बूस्टर असलेल्या गाड्यांत त्यासाठी संगणकी उपकरण लागू शकते. ते नसलेल्या गॅरेजात आत हवा राहून जाण्याचा धोका असतो.

काम झाल्यावर पेडल दाबून धरावे आणि सर्व जोड कोरड्या कापडाने पुसून पाहावेत. नंतर मोकळ्या सपाट मैदानात, माणसे-जनावरे दूर ठेवून, अगदी कमी वेगात गाडी न्यूट्रल करून ब्रेक लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये मोटरचा ब्रेक लागत नाही, त्यामुळे हायड्रॉलिक ब्रेकची खरी पारख होते. मोटर मदतीला असताना घेतलेली चाचणी फसवी असते. दुसऱ्या दिवशी आणि आठ दिवसांनी पातळी पुन्हा पाहावी.

वाटेत ब्रेक गेला तर

गाडी बंद करू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि मोटरच्या ब्रेकची पातळी सर्वांत जास्त करावी. पेडल भराभर दाबत राहावे, थोडा दाब तयार होऊ शकतो. हातखोड्याचा हँडब्रेक असेल तर बटण दाबून धरून हळूहळू ओढावा. विजेवरचा असेल तर बटण ओढून धरून ठेवावे, बहुतेक गाड्यांत त्याने गाडी आवरते. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू करून डोंगराच्या बाजूला किंवा चढाकडे गाडी घ्यावी. मोटरचा ब्रेक गती कमी करतो, पण उतारावर गाडी धरून ठेवील असे गृहीत धरू नये. थांबल्यावर चाकांना दगड लावावेत.

नित्याची काळजी

आपल्या अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथील चाचणीमार्गांवर देशभरातील वाहनांची परीक्षा होते. पण ती परीक्षा नव्या गाडीची असते. तुमच्या गाडीची परीक्षा तुमच्याच अंगणात व्हायला हवी. महिन्यातून एकदा पातळी पाहावी आणि नोंद करावी. पावसाळ्याआधी नि उसाचा हंगाम सुरू होण्याआधी चाके काढून होज, नळ्या, पॅड तपासून घ्यावेत. पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत द्रव बदलावा. अनेक कंपन्या ही मुदत दोन वर्षे देतात, गाडी कमी चालली तरीही. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर ब्रेक पेडल नीट दाबून गाडी थांबवावी, म्हणजे डिस्कवरचा गंज निघतो आणि पिस्टन हलता राहतो. खत वाहून आणल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने धुवावी.

या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. या गाडीतून आपली मुले शाळेला जातात, आई-वडील दवाखान्यात जातात. आज घरी गेल्यावर बॉनेट उघडा, ती पांढरी टाकी शोधा आणि द्रव दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहा. कमी असेल तर त्यात भर घालण्याआधी तो कोठे गेला, याचा शोध घ्या.